रेक्यानेसची एक दिवसाची ज्वालामुखी सहल: आइसलँडमध्ये आपल्याच विहिरीतला दगड बघितला

विहीरवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मागच्या एका धाग्यात दोघांनी विचारलं होतं की आइसलँडला छोट्या गटाबरोबर गाईड घेऊन एक दिवसाची सहल करावी, की गाडी भाड्यानं घेऊन आपलं आपण फिरावं. मी तिथं उत्तर टाइप करत बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. आमच्या अप्पांनी मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात चाळीस वर्षं विहिरी पाडल्या. मी बोअरच्या धंद्यात आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा, आणि गेरू संपला की पुन्हा मांजऱ्या. हा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे. पण तो असाच का, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत 'दख्खनचं पठार लाव्हारसापासून बनलं' एवढं एक वाक्य होतं, ते परीक्षेपुरतं.

मुलगी डब्लिनला नोकरीला आहे. गेल्या सप्टेंबरात मी आणि सौ. तिच्याकडं गेलो होतो, तिथून तिनं चार दिवस आइसलँडला नेलं. (शेंगेन म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. आयर्लंड त्यात नाही, आइसलँड आहे. आम्हाला दोन वेगळे व्हिसे काढावे लागले, हे आधीच लक्षात ठेवा.) चारातला एक दिवस रेक्यानेस द्वीपकल्पासाठी ठेवला होता. विमानतळ ज्या बाजूला आहे तोच हा भाग. अटलांटिकच्या तळातून येणारी डोंगररांग इथं समुद्रातून जमिनीवर चढते, आणि युरोप-अमेरिकेकडचे दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरनं एकमेकांपासून लांब जातात.

आम्ही चौदा जण, एक मिनीबस. गाडी चालवणारी आणि माहिती सांगणारी एकच मुलगी, भूशास्त्र शिकलेली. सकाळी नऊला रेक्याविकमधनं उचललं. शहराबाहेर पडून अर्धा तास होतो न होतो तोच झाडं संपली, घरं संपली. दोन्ही बाजूंना काळा खडक आणि त्यावर राखाडी-हिरवं, गादीसारखं जाड शेवाळ. तिनं पहिली सूचना दिली ती हीच: शेवाळावर पाय टाकायचा नाही, एक पाऊल उमटलं तर ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

पहिला थांबा क्लेइफारवाट्न नावाचं तळं. बघायला साधं, काळ्या वाळूचा काठ आणि शांत पाणी. पण २००० सालच्या जूनमध्ये भूकंप झाले, तळाशी भेगा पडल्या आणि त्यातनं पाणी उतरायला लागलं. दिसेल इतकं तळं आटलं. बाकीची माणसं फोटो काढत होती, मी बराच वेळ काठावर उभा राहिलो. शेजारच्या शेतात सुरुंग लागला आणि आपल्या विहिरीचं पाणी रातोरात गेलं, असं मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय. इथं तेच अख्ख्या तळ्याचं झालं होतं.

पुढं सेल्टून. डोंगराच्या कुशीत पिवळी, तांबडी, हिरवट माती आणि जागोजागी वाफ. लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे, तिच्यावरनंच चालायचं. हुलग्याचं माडगं चुलीवर रटरटावं तसा राखाडी चिखल खदखदत असतो आणि एकेक बुडबुडा फुटताना जाड आवाज येतो. वास कुजक्या अंड्याचा. तो गंधकाच्या वायूचा. पहिली पाच मिनिटं जड जातात, मग नाक सरावतं. कुठली जमीन पक्की आणि कुठली नुसती पापुद्रा, हे वरनं बघून अजिबात कळत नाही. गाईडनं एक जागा दाखवली, रंगानं शेजारच्या जमिनीसारखीच, आणि म्हणाली, इथं पाय टाकला तर घोट्यापर्यंत उकळत्या चिखलात जाईल.

तिथंच एक पाण्यानं भरलेला मोठा खड्डा आहे. जुन्या काळी वाफेसाठी तिथं बोअर मारल्या होत्या, त्यातल्या एकीचा १९९९ मध्ये स्फोट झाला, त्याचा हा खड्डा. मी तिला तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. आपल्या धंद्यात भीती एकच, बोअर कोरडी जाईल. मालकाचं तोंड बघवत नाही त्या वेळी. तिथं भीती उलटी, बोअर अंगावर येईल.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो.

दुपारी दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्यानं नात्थागी नावाच्या दरीपाशी थांबलो. जवळच्या फाग्राडाल्सफ्याल डोंगरापाशी १९ मार्च २०२१ ला उद्रेक सुरू झाला. त्या द्वीपकल्पावर जवळजवळ आठशे वर्षांनी झालेला हा पहिला उद्रेक, तो सप्टेंबरपर्यंत चालला. त्याचा लाव्हा या दरीत उतरून थिजलाय. गाडी लावली की थोडंच चालायचं. समोर काळा, चकाकणारा ढीग, घरापेक्षा उंच. त्यावर चढायचं नाही हे तिनं ठणकावून सांगितलं. वरचं कवच पातळ असतं, खाली पोकळी असू शकते, आणि आत उष्णता वर्षानुवर्षं राहते.

कडेला वाकून बघितलं. गुऱ्हाळात कढईतला पाक वाफ्यात ओतल्यावर वर सुरकुतलेली साय धरते, वळ्यांवर वळ्या पडतात, अगदी तसा पृष्ठभाग. एक तुकडा फुटून पडला होता, तो हातात घेतला. वरच्या अंगाला भोकंच भोकं, वजनाला हलका. खालच्या अंगाला भोकं कमी होत गेलेली, दगड घट्ट आणि काळा. मी तो हातात फिरवला आणि सौ.ला म्हटलं, हा मांजऱ्या आहे. हा आपल्या विहिरीतला मांजऱ्या आहे.

माझ्या मुलीनं गाईडला ते इंग्रजीत समजावलं. गाईडनं मग खाली बसून काळ्या वाळूवर काडीनं आकृती काढली. लाव्हा वाहतो तेव्हा त्यातली वाफ आणि वायू वर जातात, आणि वरचा भाग थिजला की बुडबुडे तिथंच अडकतात. म्हणून वर मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट होतो. तो काळा पाषाण. मग वर्षं जातात, कधी शेकडो तर कधी हजारो. वरचा थर ऊनपावसानं झिजतो, त्याची माती होते, राखही पडते. मग पुढचा लाव्हा येतो आणि ती माती भाजून काढतो. विटेसारखी लाल होते ती. म्हणजे आपला गेरू. आणि त्यावर पुन्हा नवा थर. मग तिनंच विचारलं, तुमच्या दगडातल्या भोकांत पांढरं काही भरलेलं असतं का? म्हटलं, असतं की, पांढऱ्या गारा. ती म्हणाली, ते नंतर पाण्यातनं आलेलं खनिज. हा दगड अजून लहान आहे, याची भोकं रिकामी आहेत. तुमचा सहा कोटी साठ लाख वर्षांचा आहे.

मी पंचावन्न वर्षांचा आहे. हातात घेतलेला दगड माझ्या नातवापेक्षा लहान होता. आणि मला तो ओळखू आला, कारण त्याचा थोरला भाऊ मी रोज फोडतो. तुकडा होता तिथंच परत ठेवला. न्यायचा नसतो, आणि नेऊ नये.

नंतरचे थांबे पटकन सांगतो. उद्रेकाच्या धोक्यानं २०२३ मध्ये रिकामं केलेलं ग्रिंडाविक गाव लांबून बघितलं. भूपट्टांमधल्या भेगेवरचा 'दोन खंडांमधला पूल' हा फोटोपुरता ठीक, खरी सीमा एका पुलाएवढी नसून कित्येक किलोमीटर रुंद पट्ट्याची आहे. शेवटी गुन्नुहवेर, वाफेचा प्रचंड लोट आणि कान बधिर करणारा आवाज. तिथली लोककथा अशी की गुन्ना नावाच्या बाईचं भूत लोकांना छळायचं. एका पाद्र्यानं तिच्या हाती दोऱ्याच्या गुंड्याचं टोक दिलं, गुंडा गडगडत उकळत्या झऱ्यात गेला आणि टोक धरून तीही मागोमाग. सोलापूरच्या माणसाला गुंड्याचं टोक धरून ठेवणारी बाई चटकन डोळ्यांसमोर येते. आमची आजी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची.

जवळच भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या वाफेवर चालणारं वीजकेंद्र आहे. त्या परिसरात जानेवारी २०१७ मध्ये ४,६५९ मीटर खोल बोअर पूर्ण केली, तळाशी तापमान ४०० अंशांच्या वर. पंधरा हजार फुटांहून जास्त! आमचं मशीन हजार फुटांपुढं गेलं की आम्ही देवाचं नाव घेतो.

संध्याकाळी सहाला परत. विचारा काय विचारायचं ते.

शेंगाचटणी

अण्णा, एका दमात वाचलं. गुऱ्हाळातल्या पाकाची उपमा वाचून लाव्हा कसा दिसतो ते पहिल्यांदा कळलं. जेवणाचं काय केलं? आम्ही पूर्ण शाकाहारी.

विहीरवाला

सहलीत जेवण नव्हतं, बरोबर न्यायला सांगितलं होतं. सौ.नं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घेतले होते, दोन दिवस पुरले. बसमध्ये एका बाईनं शेंगाचटणी चाखली आणि नाव लिहून घेतलं. तिथं राईची काळसर, गोडसर पावरोटी मिळते, डबा गरम जमिनीत पुरून चोवीस तास भाजतात. ती शाकाहारी माणसाला चालते, लोण्याबरोबर छान लागते. आणि पाणी विकत घेऊ नका, थंड नळाचं पाणी उत्तम आहे. गरम नळाचं मात्र पिऊ नये, ते जमिनीतनं येतं, त्याला गंधकाचा वास असतो.

मंजुळा_जुळेसोलापूर

भाऊ, फार मनापासून लिहिलंत. माझा प्रश्न आईसाठी आहे. वय ६८, गुडघे दुखतात, आणि हिवाळ्यात दमा होतो. तिला भूगोलाची फार आवड. नेऊ का नको, कळत नाही. तुम्ही बघितलंय म्हणून विचारते.

विहीरवाला

मंजुळाताई, दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

गुडघ्यांचं: मी केली ती सहल गुडघ्यांना झेपण्यासारखी होती. फळ्यांची वाट, मधूनमधून पायऱ्या, बाकी बसमध्ये. पण 'उद्रेकाच्या डोंगरावर चढाई' असंही सहलींमध्ये असतं, ती कित्येक तासांची चाल आहे. बुकिंग करताना चालणं किती आणि चढ किती हे लेखी विचारा. आणि वारा! वारा असा की सौ.ला मी दंडाला धरून चालवलं. गाईड बसचं दार स्वतः उघडायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, कारण वाऱ्यानं दारं मोडतात.

दम्याचं: इथं मी 'काही होत नाही' म्हणणार नाही. वाफेच्या जागी गंधकाचे वायू असतात आणि उद्रेक चालू असेल तर जास्तच. तिथलं हवामान खातं वायू कुठल्या दिशेला जाणार याचा अंदाज रोज देतं, आमच्या गाईडनं तो सकाळी बघूनच थांब्यांचा क्रम बदलला होता. आधी आईंच्या डॉक्टरांना विचारा, पंप खिशातच ठेवा, सहलवाल्यांना आधी कळवा. गुन्नुहवेरला दोघं जण बसमध्येच बसून राहिले होते, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

मंजुळा_जुळेसोलापूर

आईला वाचून दाखवलं. मांजऱ्या शब्दावर ती थांबली. म्हणाली, आमच्या माहेरच्या विहिरीत तोच होता, त्याच्यातनं पाझर यायचा. डॉक्टरांशी बोलून मग ठरवते.

रस्ता_आणि_मी

मी दोन वर्षांपूर्वी तिथं स्वतः गाडी चालवून फिरलो. दुसरी बाजू सांगायला हवी. गटाबरोबर गेलं की सेल्टूनला पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. मी तिथं दोन तास बसलो होतो. उन्हाची तिरीप पडली की चिखलाचा रंग बदलतो, ते घाईत दिसत नाही. आम्ही चौघं होतो, गाडी स्वस्तही पडली. जूनमध्ये रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल, रात्री अकराला उजेडात हिंडलो. ज्याला वाहन चालवायची सवय आहे त्यानं घाबरू नये.

विहीरवाला

तुमचं म्हणणं पटतं, सेल्टूनला मलाही वेळ कमी पडला. पण मी तिथं एकटा गेलो असतो तर मांजऱ्या ओळखला असता आणि गप्प परत आलो असतो. 'का' हे कळलं नसतं. माणसानं वाळूत काडीनं काढून दाखवलं म्हणून कळलं. चौदाच जण होतो म्हणून तिला माझ्यासाठी खाली बसता आलं. पन्नासच्या बसमध्ये हे झालं नसतं.

दुसरं, त्या भागात रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविकजवळ पुन्हा पुन्हा उद्रेक झालेत. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर दिवस चार-पाच तासांचा, रस्त्यावर बर्फ. त्या दिवसांत तरी गाडी हातात घेऊ नये असं माझं मत.

रस्ता_आणि_मी

हिवाळ्याबाबत शंभर टक्के मान्य.

औशाचा_पोरगा

मी आता सोलापुरात असतो, मूळचा औसा तालुक्यातला. ग्रिंडाविकबद्दल अजून लिहाल का? जमीन हलणार हे माहीत असताना माणसं तिथं कशी राहतात, हा प्रश्न मला सुटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. गणपती विसर्जनाची रात्र, मोठी माणसं उशिरा घरी आलेली. पहाटे चारच्या सुमाराला आजोबांनी मला उचलून बाहेर टाकलं. आमच्या गल्लीत भिंती उभ्या राहिल्या, पण आत्याचं किल्लारीतलं घर राहिलं नाही. जमीन हलली हे शब्द वाचले तरी अजून पोटात गोळा येतो.

विहीरवाला

दादा, वाचून गलबललो. तो भूकंप सोलापुरातही जाणवला होता, आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. नंतर अप्पा महिनाभर तिकडं ढिगारे उपसायला गेले होते. त्याबद्दल ते अजून बोलत नाहीत.

ग्रिंडाविक हे २०२३ पर्यंत साधारण ३,८०० वस्तीचं मच्छीमारांचं गाव. १० नोव्हेंबर २०२३ ला दिवसभर धक्क्यांवर धक्के बसले आणि रात्रीत सगळं गाव रिकामं केलं. जमिनीखाली सुमारे १५ किलोमीटर लांबीची, भिंतीसारखी लाव्हारसाची चीर घुसली होती, ती गावाच्या खालनं गेली. १४ जानेवारी २०२४ ला लाव्हा गावाच्या कडेपर्यंत आला, तीन घरं जळाली. गावाभोवती मातीदगडाचे उंच बांध घातलेत लाव्हा वळवायला, ते आम्ही बघितले. आपल्या पाझर तलावाचा बांध असतो तसेच, पण कितीतरी उंच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्हानं गरम पाण्याची मोठी जलवाहिनी तोडली. भर थंडीत वीस हजारांहून जास्त लोकांची घरं थंड पडली, कारण तिथं घर गरम करायलाही तेच पाणी फिरवतात. देशातली दहातली नऊ घरं तशीच गरम होतात. उजनीची वाहिनी फुटली की सोलापुरात काय होतं ते आपण जाणतो, म्हणून हे मला फार जवळचं वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. गाईडची मावशी त्या गावची. आम्ही तिथं उभे असताना गाईड पहिल्यांदाच गप्प झाली.

दगडफूल

मी भूशास्त्राची विद्यार्थिनी, सोलापूरचीच. औशाच्या दादांसाठी थोडं लिहिते. किल्लारी आणि आइसलँड यांत मोठा फरक आहे. आइसलँड भूपट्टांच्या सीमेवर आहे. जमीन सतत ताणली जाते, ताण वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मोकळा होतो, लोकांना त्याची कल्पना असते आणि घरं त्या हिशेबानं बांधलेली असतात. किल्लारी भूपट्टाच्या आत आहे. तिथं एवढा मोठा धक्का बसेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. ६.२ तीव्रतेचा धक्का होता, पण जवळजवळ दहा हजार माणसं गेली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली, तीही झोपेत. उन्हात गार राहावं म्हणून बांधलेली घरं होती ती. त्यात त्या माणसांची काही चूक नव्हती.

आणि विहीरवाले काकांसाठी: भूकंपानंतर अभ्यासासाठी किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतली गेली. त्यात ३३८ मीटरवर बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला दगड, म्हणजे तुमचा काळा पाषाण आणि मांजऱ्या) संपला! खाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक. घाटाकडं हाच लाव्हाचा ढीग एक किलोमीटरहून जाड आहे, पूर्वेकडं येताना पातळ होत जातो. आज उरलेला दख्खनचा बेसाल्टच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. अख्खं आइसलँड एक लाख तीन हजार. म्हणजे तुम्ही जे बघून आलात ते जवळजवळ पाच वेळा आपल्याकडं मावेल.

विहीरवाला

दगडफूल, ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. त्याच्या खाली वेगळाच दगड लागतो, हे अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तळ आहे तर.

उंबऱ्याचे_आजोबा

माझं वय आता परदेशाचं नाही. आपल्या महाराष्ट्रात गरम पाण्याची कुंडं आहेत ती याच प्रकारातली का? वज्रेश्वरीला मी तीनदा गेलो आहे. आणि लोणारचं सरोवर ज्वालामुखीचंच ना?

दगडफूल

आजोबा, नमस्कार. वज्रेश्वरी-गणेशपुरी, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ-राजवाडी आणि आरवली, हे झरे किनाऱ्याला समांतर पट्ट्यात आहेत. त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतनं खूप खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, तेवढी पुरते. आइसलँडमध्ये तापलेला लाव्हारसच जवळ असतो म्हणून तिथं वाफेचे लोट.

लोणार उल्कापातानं झालंय, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पण ते महत्त्वाचं अशासाठी की उल्का आपल्याच बेसाल्टवर आदळली. बेसाल्टमधलं असं विवर जगात फार दुर्मिळ आहे. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, तिथं वस्ती नाही.

तुम्हाला झेपेल असं एक सांगू? आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला. तटाच्या दगडांत काही घट्ट काळे आहेत, काही भोकांचे. आता वाचलंय तर बोट ठेवून बघा, कुठला दगड थराच्या वरच्या भागातला असावा ते कळेल.

उंबऱ्याचे_आजोबा

पोरी, साठ वर्षं त्या तटाशेजारून जातोय. उद्या नातवाला घेऊन जातो.

शेंगाचटणी

मग सोलापुरात खोल बोअर मारून वाफेवर वीज का काढत नाहीत? प्रश्न बाळबोध असेल, पण पडला.

दगडफूल

बाळबोध नाही. आपल्याखालचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. उष्णतेसाठी फार खोल जावं लागेल, आणि तिथं उष्णता वर आणायला पाणी खेळतं असायला हवं. दगडात भेगा, पाणी आणि उष्णता तिन्ही एकत्र लागतात. देशात त्यासाठी लडाखमधल्या पुगा खोऱ्याकडं लक्ष आहे.

औशाचा_पोरगा

दगडफूल, भिंतींबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. आत्याच्या घराला लोक नावं ठेवायचे, मातीत बांधलं म्हणून. ते घर आजोबांनी बांधलं होतं.

विहीरवाले अण्णा, एक विचारू? ती थर दिसणारी विहीर बघता येईल का?

विहीरवाला

येईल की. हे मनात होतंच, तुम्ही विचारलंत बरं झालं. आमच्या शेतातली विहीर अप्पांनीच पाडलेली आहे, ५५ फूट. वरचे बारा फूट बांधकाम, त्याखाली उघडा दगड. चैत्रात पाणी तळाला जातं तेव्हा मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, गेरूचा हातभर पट्टा आणि त्याखालचा दुसरा मांजऱ्या, सगळं एका नजरेत दिसतं. कडेनं दगडी पायऱ्या आहेत, पण रुंदी कमी.

अप्पा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना विचारलं. म्हणाले, आणा की माणसं, कुठला थर कसा फुटतो ते मी सांगतो, तो का झाला ते त्या पोरीला सांगू दे. दगडफूल, याल ना?

दगडफूल

काका, नक्की. भिंग आणि हातोडी आणते. हातोडी फक्त पडलेल्या दगडांवर चालवू, विहिरीच्या भिंतीवर नाही.

मंजुळा_जुळेसोलापूर

आईला आणलं तर चालेल? आइसलँडचं डॉक्टर सांगतील तसं. पण हे तरी तिला बघू दे.

विहीरवाला

आईंना जरूर आणा, काठावर लिंबाखाली खुर्ची टाकतो, तिथनं गेरूपर्यंत दिसतं. खाली उतरणारे एका वेळी तिघंच. एकूण दहा जणांच्या वर नको, नाहीतर अप्पांचा आवाज पुरणार नाही. चैत्रातला दुसरा रविवार, सकाळी सातला यायचं, नऊनंतर विहिरीत ऊन उतरतं आणि दगड तापतो. पायात बूट, डोक्याला टोपी. ज्यांना यायचंय त्यांनी इथंच खाली लिहा, वाट कशी ते निरोपात कळवतो. भाकरी-पिठलं आमच्याकडं.

औशाचा_पोरगा

माझं एक नाव धरा.

उंबऱ्याचे_आजोबा

माझं आणि नातवाचं. तो तटावर बोट ठेवून आला, आता म्हणतोय आतनं बघायचंय.